ऐकणाऱ्याला पान उलटता येत नाही : कला, इतिहास आणि रोजच्या जगण्यावर पॉडकास्टचा भाग कसा करावा

टाइपरायटरवर ओळ संपत आली की एक बारीक घंटी वाजते. ती वाजल्यावर मोजक्या अक्षरांपुरतीच जागा उरलेली असते. टंकलेखक हातातला शब्द पुरा करतो किंवा तोडतो, डावीकडचा दांडा उजवीकडे ढकलतो, कागदासकट गाडा खडखडत सरकतो आणि नवी ओळ सुरू होते. हा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो. ज्याने तो आवाज पूर्वी ऐकला आहे त्याच्यासमोर तेवढ्यात एक अख्खे कार्यालय उभे राहते, आणि ज्याने ऐकलेला नाही तो ‘हे काय वाजले?’ म्हणून कान टवकारतो. कला, संस्कृती, इतिहास किंवा दैनंदिन जीवन यांवर पॉडकास्ट करू पाहणाऱ्यांनी आपल्या भागासाठी अशी एखादी गोष्ट आधी हुडकावी, म्हणून मी पुढे बहुतेक ठिकाणी टाइपरायटरवरच्या एका भागाचेच उदाहरण घेणार आहे.

वाचकाला एखादे वाक्य उमगले नाही तर त्याची नजर आपोआप दोन ओळी वर जाते. श्रोत्याचे तसे नसते. तो चालत असतो, भांडी घासत असतो, गर्दीत एका हाताने कडी धरून उभा असतो. पंधरा सेकंद मागे जाण्याचे बटण त्याच्या फोनवर असते, पण ते दाबायला हात मोकळा नसतो. एकदा सुटलेले वाक्य त्याच्यासाठी कायमचे सुटते, आणि अशी तीन वाक्ये सुटली की त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. प्रश्नाच्या निवडीपासून आवाजाच्या पातळीपर्यंतचे जवळजवळ सगळे निर्णय या एका अडचणीतून निघतात.

प्रश्न कसा शोधावा

‘टाइपरायटरचा इतिहास’ या विषयावर ग्रंथ लिहिता येईल, पण त्याचा भाग होणार नाही. ‘ओळ संपण्याआधी घंटी कशासाठी?’ हा प्रश्न मात्र पंचवीस मिनिटांत मावतो. त्याचे उत्तर शोधू लागलो की पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, टंकलेखकाची नजर यंत्रातल्या कागदावर नसतेच; ती शेजारी ठेवलेल्या मसुद्यावर असते, आणि म्हणून ओळ संपत आल्याची सूचना त्याला कानांनीच द्यावी लागते. आणखी मागे गेलो तर कळते की रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये विक्रीस आणलेल्या पहिल्या यंत्रात अक्षरे कागदावर खालच्या बाजूने आपटत असत, त्यामुळे नुकतीच टाइप केलेली ओळ पाहायची तर गाडा वर उचलावा लागे. मजकूर उमटताना समोर दिसण्याची सोय रूढ होऊ लागली ती १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अंडरवुडच्या यंत्रांमुळे. म्हणजे घंटीचा प्रश्न धरला आणि यंत्र, डोळे, हात, कार्यालयातली कामाची विभागणी असे सगळे त्याच्यामागून ओढले गेले. विषयाच्या बाजूने निघालो असतो तर हेच मुद्दे सनावळीच्या क्रमाने आले असते आणि श्रोता तिसऱ्या सनाशी गळाला असता.

प्रश्न चांगला आहे की नाही हे तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. तो मी तीन वेगवेगळ्या माणसांना एका दमात विचारतो. तिघांनीही बरोबर उत्तर दिले तर प्रश्न सोडून देतो. तिघेही ‘असेल काहीतरी’ म्हणाले तरीही सोडून देतो. तिघांनी तीन निरनिराळे अंदाज केले, तेही हिरिरीने, तर त्यात भाग आहे असे समजतो.

व्याप्ती आवरण्याचा एक मोठा नमुना २०१० मध्ये घडला. ब्रिटिश म्युझियम आणि बीबीसी रेडिओ ४ यांनी मिळून जगाचा इतिहास संग्रहालयातल्या १०० वस्तूंच्या आधारे सांगितला. निवेदन संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर यांचे होते, प्रत्येक भागात एकच वस्तू होती आणि प्रत्येक भाग सुमारे १५ मिनिटांचा होता. वीस लाख वर्षांचा पसारा ज्यांच्यापुढे होता त्यांनीही एका बैठकीत एकाच वस्तूला हात घातला. आपण पहिल्याच भागात ‘लोककलांचा आढावा’ घेऊ नये.

माहिती गोळा करणे आणि ती तपासणे

दैनंदिन जीवनातल्या वस्तूंविषयी इंटरनेटवर जी माहिती मिळते तिच्यातली बरीचशी एकमेकांची नक्कल असते, आणि दहा ठिकाणी सापडली म्हणून ती दहापट खरी ठरत नाही. शक्य तिथे मूळ कागदापर्यंत जावे. यंत्रांच्या बाबतीत पेटंट हा उत्तम कागद असतो, कारण त्यात आकृती असते, तारीख असते आणि शोधकर्त्याने आपल्या शब्दांत केलेला दावा असतो. शोल्स, ग्लिडन आणि सोले या तिघांना अमेरिकेत २३ जून १८६८ रोजी मिळालेले टाइपरायटरचे पेटंट, क्रमांक ७९,२६५, आज कोणालाही घरबसल्या पाहता येते.

टाइपरायटरवर बोलायचे म्हटले की एक गोष्ट हमखास पुढे येते : कळपट्टीवरची अक्षरे मुद्दाम अवघड क्रमाने लावली, कारण टंकलेखकांचा वेग कमी करायचा होता. गोष्ट चटकदार आहे, सांगायला सोपी आहे, आणि म्हणूनच तिच्यापाशी थांबावे. शोल्स यांच्या सुरुवातीच्या नमुन्यात पियानोसारखी कळपट्टी होती आणि अक्षरे दोन ओळींत वर्णक्रमाने मांडलेली होती; पुढे ती टप्प्याटप्प्याने बदलत गेली. क्योटो विद्यापीठातल्या यासुओका या अभ्यासकद्वयाने २०११ मध्ये असे मांडले की, या बदलांवर सुरुवातीच्या वापरकर्त्यांचा, म्हणजे तारेचे संदेश ऐकून उतरवून घेणाऱ्यांचा, प्रभाव होता, आणि वेग कमी करण्याचा सिद्धान्त पुराव्याशी जुळत नाही. अशा वेळी निवेदकाने न्यायाधीश होण्याची गरज नसते. प्रचलित गोष्ट आधी रंगवून सांगावी, मग तिच्याविरुद्धचा पुरावा ठेवावा; मतभेद लपवला तर भागातला सर्वांत रंजक तुकडाच हातचा जातो.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. एदुआर् लेओं स्कॉट द मार्टिनव्हिल या फ्रेंच गृहस्थाने १८६० मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या रेषा उमटवल्या; त्या पुन्हा ऐकवण्याची सोय त्याच्या यंत्रात नव्हती. २००८ मध्ये अभ्यासकांनी संगणकाच्या साहाय्याने त्या रेषांमधून आवाज काढला, तेव्हा एखादी मुलगी किंवा स्त्री गाणे म्हणत आहे असे वाटले. नंतर लक्षात आले की रेषा दुप्पट वेगाने वाचल्या गेल्या होत्या; वेग निम्मा केल्यावर पुरुषाचा, बहुधा खुद्द स्कॉटचाच, आवाज ऐकू आला. संग्रहातून मिळालेला कोणताही तुकडा भागात घालण्यापूर्वी तो केव्हाचा आहे, कोणी मुद्रित केला आणि योग्य वेगाने वाजतो आहे का, एवढ्या चौकशा कराव्यातच.

न दिसणारे चित्र

चित्र, शिल्प, वास्तू यांवर केवळ आवाजाच्या माध्यमातून बोलणे हा उफराटा उद्योग वाटतो, आणि ‘चित्र संकेतस्थळावर ठेवले आहे, ते पाहा’ असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो. श्रोता पाहणार नाही, हे गृहीत धरावे. शब्दांनी चित्र उभे करायचे तर आधी आकार सांगावा, तोही शरीराच्या मापाने. मग नजर कुठून शिरते ते, मग ती कुठे अडखळते ते. रंगांची यादी शेवटी किंवा मुळीच नको.

जपानी चित्रकार होकुसाई याचे लाटेचे चित्र घ्या, साधारण १८३१ च्या सुमाराचे. ‘जपानी कलेतील एक अजरामर काष्ठठसा’ असे म्हटल्याने कोणाच्याही डोळ्यांसमोर काही येत नाही. त्याऐवजी असे सांगता येईल : हे चित्र भिंतभर नाही, उघडलेल्या वहीएवढे आहे, सुमारे २५ बाय ३७ सेंटिमीटर, मांडीवर ठेवून पाहता येईल असे. डावीकडून लाट उठली आहे आणि तिचा फेस तुटताना नखांसारखा वाकला आहे. या नखांच्या खाली तीन लांबट होड्या आहेत, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. होड्यांमधली माणसे ओणवी होऊन चिकटून बसली आहेत. आणि त्या खोलगटात, दूर, आणखी एक लहानशी लाट दिसते, तिच्याही माथ्यावर पांढरे. ती लाट नव्हे. तो फुजी पर्वत आहे. या क्रमात एक गंमत दडलेली आहे : चित्र पाहणाऱ्याची जी फसगत होते तीच ऐकणाऱ्याचीही झाली. वर्णनाचा क्रम चुकवून पर्वताचे नाव पहिल्याच वाक्यात उच्चारले असते तर हे घडले नसते.

लिहायचे, पण कानांसाठी

पूर्वतयारीशिवाय गप्पा मारत केलेले भाग अनेकांना आवडतात आणि दोन जुन्या मित्रांना ते साधतातही, पण इतिहासाच्या भागासाठी मी संहिता लिहूनच काढतो. लिहिलेले असले तरच तपासता येते. अडचण अशी की मराठी लिहायला बसलो की आपल्या हातून छापील मराठी उतरते. उदाहरणार्थ, हे वाक्य पाहा : ‘१८७४ मध्ये विक्रीस आलेल्या या यंत्रातील अक्षरपट्ट्या कागदाच्या खालील बाजूने आघात करीत असल्यामुळे टंकलेखकास स्वतः टंकलिखित केलेला मजकूर दृष्टीस पडत नसे.’ कागदावर यात काही वावगे नाही. मोठ्याने वाचून पाहिले तर ‘आलेल्या’, ‘करीत असल्यामुळे’, ‘केलेला’ अशा कृदंतांच्या ओझ्याखाली क्रियापद शेवटी कुठेतरी चेंगरते, आणि श्रोत्याला तोपर्यंत कर्ता आठवत नाही. तेच असे बोलता येते : ‘हे यंत्र विकायला आलं १८७४ मध्ये. त्यात एक गोची होती. अक्षरं कागदावर खालून आपटायची. त्यामुळे टाइप करणाऱ्याला आपण काय टाइप केलं, ते दिसायचंच नाही.’ शब्द जवळजवळ तेवढेच आहेत. एका वाक्याची चार झाली, आणि ‘दिसायचंच नाही’ हा धक्का शेवटी राहिला.

आकडे आणि नावे यांबाबत कंजूष असावे. एका भागात लक्षात राहावीत अशी फार तर तीन साले आणि चार-पाच नावे असावीत; बाकीची ‘त्यानंतर दहाएक वर्षांनी’, ‘त्याच्या भागीदाराने’ अशी सांगितली तरी काम भागते. दहा मिनिटांनी एखादे नाव पुन्हा आले तर त्याच्याबरोबर त्या माणसाची एखादी खूणही पुन्हा द्यावी, कारण ‘ग्लिडन’ एवढेच ऐकून कोणालाही काही आठवणार नाही. अवतरणचिन्हे ऐकू येत नाहीत. उतारा सुरू होण्यापूर्वी तो कोणाचा हे सांगावे, आणि संपल्यावर क्षणभर थांबून स्वतःच्या आवाजात परत यावे.

लांबीचा अंदाज दुसऱ्याच्या सूत्रावरून करू नये. स्वतःची संहिता पाच मिनिटे वाचावी, शब्द मोजावेत, त्यावरून गणित करावे. माझे मिनिटाला सुमारे ११५ शब्द होतात, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या भागात मुलाखतीचे दहा मिनिटांचे तुकडे धरले तर मला साधारण १,७०० शब्द लिहावे लागतात. पहिल्या खर्ड्यात ते नेहमीच २,५०० होतात.

मुलाखत

ज्याने तीस वर्षे टाइपरायटरवर काम केले त्याला ‘तुमचा अनुभव कसा होता?’ असे विचारले तर ‘छान होता’ हे उत्तर ठरलेले असते. ‘चूक झाली की काय करत होता?’ असे विचारावे. मग खोडरबर येतो, पांढरा द्रव येतो, एका वेळी चार-पाच कार्बन प्रती घालताना खालच्या प्रतीवर अक्षर उमटावे म्हणून किती जोराने बोट मारावे लागे ते येते, आणि शेवटच्या ओळीत चूक झाली म्हणून सगळे पान पुन्हा टाइप केल्याची संध्याकाळही येते. कृतीविषयीचा प्रश्न माणसाला कृतीकडे नेतो. मताविषयीचा प्रश्न भाषणाकडे नेतो. शक्य असल्यास ती वस्तू समोर ठेवावी आणि करून दाखवायला सांगावे, कारण हात चालू लागले की बोलणे बदलते आणि पार्श्वभूमीला लागणारे आवाजही त्याच ओघात मिळून जातात.

उत्तर संपले असे वाटले की मनातल्या मनात चार आकडे मोजावेत. फार वेळा खरे उत्तर त्या शांततेनंतर येते.

माझ्या पहिल्यावहिल्या मुलाखतीत मी दोन चुका केल्या आणि दोन्ही माझ्या लक्षात घरी परतल्यावर आल्या. समोरची व्यक्ती बोलत असताना मी सौजन्याने ‘हं’, ‘अच्छा’, ‘हो का’ करीत राहिलो होतो. परिणामी तिच्या सर्वांत सुंदर वाक्यावर माझा हुंकार बसला, आणि तो वेगळा काढता येईना. आता मी केवळ मान हलवतो. दुसरी चूक खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची होती. बोलताना त्याची टिकटिक मला जाणवलीही नव्हती. संपादनात वाक्ये कापून जोडली तेव्हा मात्र प्रत्येक जोडापाशी टिकटिकीची लय मोडू लागली आणि कात्री कुठे कुठे चालली ते बहिऱ्यालाही कळावे अशी अवस्था झाली. घड्याळ, पंखा, फ्रीज हे मुलाखतीपूर्वी बंद करावेत किंवा खोलीबाहेर न्यावेत. फ्रीज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून आपल्या गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवून देण्याची युक्ती आवाजाच्या धंद्यातली माणसे वापरतात. किल्ल्यांशिवाय परत निघता येत नाही.

मुलाखत संपल्यावर सर्वांनी गप्प बसून एक मिनिटभर त्या रिकाम्या खोलीचा आवाज मुद्रित करावा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि दोन वाक्यांमध्ये अंतर वाढवायचे झाले तर तिथे याच खोलीची शांतता भरावी लागते. तिथे नुसता आवाज शून्य केला तर श्रोत्याला फोन बंद पडल्यासारखे वाटते.

परवानगी आधीच घ्यावी, लेखी घ्यावी, आणि मुद्रणाच्या सुरुवातीला तोंडीही वदवून घ्यावी : नाव, तारीख, मुलाखत कशासाठी आहे आणि कुठे ऐकवली जाईल. सामान्य माणसाने भावनेच्या भरात सांगितलेली घरातली गोष्ट महिनाभराने त्याला नकोशी वाटू शकते. प्रकाशनापूर्वी तसा तुकडा त्याला ऐकवण्याचा शिरस्ता मी ठेवला आहे. कायद्याने तो प्रत्येक ठिकाणी बंधनकारक नाही, तरीही.

मुद्रण

महागड्या मायक्रोफोनपेक्षा खोलीकडे लक्ष दिल्याने अधिक फरक पडतो. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परतवतात. पडदे, गाद्या, पुस्तकांनी भरलेली मांडणी, कपड्यांचे कपाट तो शोषून घेतात. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, तोही थोडा बाजूला धरावा, कारण मराठीत ‘फ’, ‘भ’, ‘ध’, ‘ठ’ अशा महाप्राण वर्णांची रेलचेल आहे आणि समोरून येणारा श्वासाचा झोत मायक्रोफोनवर धप्पकन आदळतो. ‘भिंतीवरच्या फोटोभोवती’ हे तीन-चारदा म्हणून पाहिले की मायक्रोफोनची जागा बरोबर आहे की नाही हे कळते.

तांत्रिक बाजू थोडक्यात : मुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, वेव्ह स्वरूपात करावे, बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील अशी पातळी ठेवावी, प्रत्येक बोलणाऱ्यासाठी स्वतंत्र ट्रॅक असावा. अशा एका ट्रॅकचे मिनिटाला साधारण ८.६ एमबी होतात, म्हणजे तासाला ५२० एमबीच्या आसपास. कार्डावर जागा आहे ना, हे निघण्यापूर्वीच पाहावे, आणि परत आल्याबरोबर दुसऱ्या ठिकाणी प्रत करावी.

संपादन

मुलाखतीचे लेखन करून घेतल्याशिवाय कापाकापीला बसू नये. कागदावर वाक्ये अधोरेखित करून त्यांचा क्रम लावणे सोपे असते, पडद्यावरच्या लहरी पाहून तो लावणे जिकिरीचे असते. मात्र कागदावर उत्तम वाटलेले वाक्य कानाला तसेच वाटेल याची खात्री नसते. कधी ते थकलेल्या स्वरात आलेले असते, कधी त्याच्या शेवटी पुढच्या वाक्याची सुरुवात चिकटलेली असते. अडखळणे किती काढावे यावर मतभेद आहेत. माझ्या मते निवेदकाचे अडखळणे निर्दयपणे काढावे, पण आठवण सांगणाऱ्याचे बरेचसे ठेवावे, कारण आठवताना माणूस थांबतो आणि ते थांबणे ऐकू येणे हा आठवणीचाच भाग असतो. वाक्यांचा क्रम बदलून अर्थ बदलणार नाही, एवढे पथ्य पाळावे.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर २००० पासून उपलब्ध आहे आणि या प्रकारच्या कामाला ते पुरेसे ठरते.

पार्श्वसंगीत कमी वापरावे. दुःखद प्रसंगाखाली सुरू झालेले वाद्य श्रोत्याला ‘आता हळवे व्हा’ असा हुकूम सोडते, आणि शहाणा श्रोता तो मानत नाही. संगीताचा खरा उपयोग परिच्छेद पाडण्यासाठी होतो : एक प्रकरण संपले, श्वास घ्या, दुसरे सुरू होत आहे. छापील पानावर जे काम कोरी जागा करते ते इथे पाच-सहा सेकंदांचे संगीत करते. खरे आवाज मात्र मनसोक्त वापरावेत. घंटी, गाडा, कागद ओढून काढतानाचा रोलरचा करकराट यांना कोणत्याही निवेदनाशिवाय दहा सेकंद मोकळे सोडून पाहावे. ते आवाज ज्या यंत्राचे म्हणून सांगितले त्याच यंत्राचे असावेत. १९५० च्या दशकातल्या टाइपरायटरचा खडखडाट १८७४ च्या वर्णनाखाली वाजवायचा असेल तर तसे निवेदनात सांगून मोकळे व्हावे.

शेवटी आवाजाची एकूण पातळी. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आसपास, एक इकडे-तिकडे, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर न जाण्याची आहे. हे पाळले की आपला भाग आधीच्या कार्यक्रमापेक्षा दबका किंवा कर्कश वाटत नाही. तयार झालेला भाग एकदा हेडफोनवर ऐकावा आणि एकदा फोनच्या साध्या स्पीकरवर, रस्त्याने चालत. चालताना जे वाक्य कळले नाही ते पुन्हा मुद्रित करावे.

हक्क

जुन्या संगीताबाबत एक गैरसमज पक्का असतो : रचना दोनशे वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे वापरायला हरकत नाही. रचना मोकळी असेलही, पण गेल्या काही दशकांत कोणीतरी केलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो. रचनेचा हक्क किती काळ टिकतो हे देशागणिक बदलते. लेखन-कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार किमान मुदत साधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षे आहे आणि अनेक देशांत ती ७० वर्षे आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावरचे, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर वापरायला मोकळे ठेवलेले, संगीत घेतले तरी परवान्याचा नेमका प्रकार वाचावा, कारण काहींत व्यावसायिक वापराला आणि काहींत फेरफार करायला मनाई असते, आणि निवेदनाखाली संगीत कमी-जास्त करणे हाही फेरफार ठरू शकतो. ‘पंधरा सेकंदांपर्यंत चालते’ असा नियम कुठेही नाही.

प्रकाशन

पॉडकास्ट हा शब्द पत्रकार बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’मधल्या लेखात प्रथम छापला, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये त्याची सोय केल्यावर तो सर्वदूर गेला, त्यामागची व्यवस्था आजही मुळात तीच आहे. भागाची फाइल एका होस्टिंग सेवेवर ठेवायची, ती सेवा आरएसएस फीड, म्हणजे ॲप्सना वाचता येईल अशी भागांची यादी, तयार करते, आणि निरनिराळी ॲप्स तो फीड वाचून भाग श्रोत्यापर्यंत नेतात. त्यामुळे प्रत्येक ॲपवर वेगळी फाइल चढवत बसावे लागत नाही. फीडची नोंदणी एकदाच करायची असते. एमपी३ फाइल १२८ केबीपीएसवर काढली तर अर्ध्या तासाच्या भागाचे २९ एमबीच्या आसपास होतात. मुखचित्र चौरस, ३,००० बाय ३,००० पिक्सेलचे असावे, पण ते फोनवर बोटाच्या पेराएवढे दिसणार आहे हे विसरू नये.

भागाचे शीर्षक ठरवताना पुन्हा प्रश्नाकडे जावे. ‘भाग ७ : टाइपरायटर – एक दृष्टिक्षेप’ यापेक्षा ‘ओळ संपण्याआधी घंटी का वाजते?’ हे शीर्षक भाग न ऐकलेल्याही माणसाला काहीतरी सांगते. वर्णनात उल्लेखलेल्या व्यक्तींची नावे, सनावळी आणि पेटंटचा क्रमांक यांसारखे तपशील द्यावेत. निवेदनातून जे आकडे वगळले त्यांची जागा तिथे आहे. शक्य असेल तर संपूर्ण लेखी संहिताही जोडावी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची सोय होते, आणि शोधयंत्रांनाही भागात काय आहे ते कळते.

चुका निघतातच, कधी सन चुकतो, कधी नावाचा उच्चार. होस्टिंग सेवेवरची फाइल बदलता येते, पण ज्यांनी आधीच ऐकले त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचत नाही. म्हणून तीन कामे करावीत : फाइल बदलावी, वर्णनात तारखेसह काय बदलले ते लिहावे, आणि पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात, संगीत सुरू होण्याआधी, ती चूक एका वाक्यात सांगावी. मी एकदा पेटंटाचे वर्ष आणि यंत्र विक्रीस आल्याचे वर्ष यांची अदलाबदल केली होती. ती एका श्रोत्याने कळवली, आणि त्या पत्रात पुढे त्यांच्या माळ्यावर असलेल्या एका यंत्राचे वर्णन होते, ज्याची घंटी वाजत नाही.